पोर्तुगीज वारशाचे घरगुती अन्न

मराठी घरातील स्वयंपाकघरात रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांची यादी केली, तर त्यांत पोर्तुगीज भाषेतून आलेले शब्द किती आहेत, हे पाहून आश्चर्य वाटते. बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई आणि पाव हे खाद्यपदार्थांचे शब्द तर आहेतच. पण घमेले, बादली, साबण आणि चावी हे शब्दही त्याच वाटेने आलेले आहेत. गोव्यातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आशियातील भाषांमध्ये शिरलेल्या अशा शब्दांची बारकाईने नोंद केली. पूर्व किनाऱ्यावर, आजच्या चेन्नई शहरातील मैलापूरजवळच्या सांतोम येथेही सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणात पोर्तुगीजांची वसाहत झाली होती. मराठी माणूस जिला चावी म्हणतो, तिला तमिळ माणूस सावी म्हणतो, याचे मूळ ह्या इतिहासात आहे.

परंतु शब्द आला म्हणजे त्याच्याबरोबर खाण्याची रीतही आली असे होत नाही. बटाटा सर्वांनी स्वीकारला. शिर्का मात्र काहींच्याच चुलीपर्यंत पोहोचला. पाव कित्येक पिढ्या निषिद्ध राहिला आणि नंतर मुंबईच्या रस्त्यावरचे सर्वांत सामान्य अन्न बनला. कोणता पदार्थ कोणत्या घरात शिरला, कोणत्या घराने त्याला उंबऱ्यावरच थांबवले आणि का, ह्या प्रश्नांच्या उत्तरांतून कोकणपट्टीच्या चारशे-साडेचारशे वर्षांच्या सामाजिक इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग उलगडतो.

जहाजांतून आलेला शिधा

अफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० साली गोवा जिंकून घेतला. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळाला; चौल येथे त्यांचा किल्ला त्याआधीच उभा राहिला होता. ही ठाणी लिस्बन, ब्राझील, आफ्रिकेचा पूर्व किनारा, मलाक्का आणि मकाव यांना जोडणाऱ्या समुद्रमार्गावरील मुक्काम होती. म्हणूनच 'पोर्तुगीज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक वस्तू प्रत्यक्षात पोर्तुगालच्या मातीतल्या नव्हत. काजू, अननस, पपई आणि मिरची ही सर्व अमेरिका खंडातील पिके आहेत. काजू आणि अननस ही नावेही मुळात तेथील आदिवासींच्या भाषांतील असून पोर्तुगीजांच्या तोंडून ती आपल्यापर्यंत आली.

मिरची येण्यापूर्वी आपल्याकडील जेवणाचा तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांवर अवलंबून होता. नव्या फळाला मराठीने मिरीवरूनच नाव दिले, यावरून लोकांनी त्याचे नाते कोठे जोडले हे दिसून येते. मिरी हे मलबारातून विकत आणावे लागणारे महाग पीक होते. मिरची मात्र परसात लावता येत होती. गरिबाच्या भाकरीला चव आणणारी वस्तू म्हणून तिचा प्रसार झपाट्याने झाला, तो याच कारणाने. बटाट्याची गोष्ट थोडी निराळी आहे. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी प्रथम रताळ्यासाठी वापरला. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो, त्याची मोठ्या प्रमाणावरील लागवड पुढे इंग्रजी अमदानीत झाली.

ह्या नव्या पिकांना परंपरेने कोठे जागा दिली, हे पाहणे उद्बोधक आहे. अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात आजही मिरची, बटाटा, टोमॅटो आणि फ्लॉवर वर्ज्य मानतात. पितरांना अनोळखी असलेले अन्न त्यांना वाढायचे नाही, अशीच जणू ही रीत आहे. याउलट एकादशीच्या फराळाचे ताट पाहिले, तर बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही चारही अमेरिकेतून आलेली पिके त्यात मानाने बसलेली दिसतात. साबुदाणासुद्धा आज तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात कसाव्याच्या कंदापासून तयार होतो. हा उद्योग १९४० च्या दशकात तेथे उभा राहिला आणि तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. धान्य वर्ज्य करण्याच्या नियमात ही नवी पिके कोठेच नव्हती, म्हणून त्यांना वाट मोकळी मिळाली असावी. जुन्या धर्माचे व्रत नव्या जगाच्या अन्नावर पाळले जाते, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते.

चूल आणि सत्ता

वस्तूंच्या ह्या शांत प्रवासाला एक कठोर बाजूही होती. गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन, म्हणजेच इन्क्विझिशन, स्थापन झाले आणि मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालू राहिले. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुन्या चालीरीती सोडल्या आहेत की नाहीत, हे शोधण्याची त्याची एक खात्रीची जागा म्हणजे स्वयंपाकघर. १७३६ साली निघालेल्या एका फर्मानात बारीकसारीक घरगुती रीतींवर बंदी घालण्यात आली. घरी तुळस लावू नये, हे त्यात होते. तसेच हिंदूंप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवून नंतर वरून मीठ घालून घेऊ नये, हेही होते. मराठी संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ह्या फर्मानाची सविस्तर माहिती दिली आहे.

भातात मीठ केव्हा घालावे, एवढ्या क्षुल्लक गोष्टीत राज्यसत्तेने लक्ष घालावे, याचे आज नवल वाटेल. परंतु माणसाची खरी निष्ठा त्याच्या ताटात दिसते, अशी सत्ताधाऱ्यांची समजूत होती. डुकराचे मांस खाण्यास नाखूश असणारा माणूस त्या काळी सहज संशयास पात्र ठरे. ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवरही अशीच नजर असे. गोव्यात राहून औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा अशाच एका कुटुंबातील होता. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, त्याच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या.

दुसऱ्या बाजूने हिंदू समाजानेही अन्नाचीच भिंत उभी केली. विहिरीत पाव टाकला, त्या विहिरीचे पाणी लोक नकळत प्यायले आणि सारा गाव बाटला, ही आख्यायिका वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. असे नेमके कोठे आणि किती वेळा घडले, यापेक्षा ती कथा इतकी वर्षे टिकून राहिली, हे अधिक अर्थपूर्ण आहे. परक्या हातांनी मळलेला आणि माडीने फुगवलेला पाव हे धर्म बदलल्याचे चिन्ह ठरले होते. आपले ताट शेजाऱ्याच्या ताटाहून वेगळे असणे, ही दोन्हीकडच्या कुटुंबांसाठी जगण्यामरण्याची बाब झाली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढे ज्या पाककृती आल्या आहेत त्यांचे मोल कळणार नाही.

शिर्का आणि लसूण

गोमंतकीय ख्रिस्ती घरातील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे विंदाल्यो. त्याच्या नावातील 'विन्य' म्हणजे द्राक्षमद्य आणि 'आल्यो' म्हणजे लसूण. मांस मद्यात किंवा त्याच्या शिर्क्यात, लसूण आणि मीठ घालून मुरवत ठेवणे ही पोर्तुगालमधील आणि मदेइरा बेटावरील जुनी रीत आहे. पुढे इंग्रजी खानावळींतून फिरून आलेल्या ह्या नावात लोकांना 'आलू' ऐकू येऊ लागले आणि त्यात बटाटे पडू लागले. मूळ पदार्थात बटाट्याला स्थान नाही.

गोव्यात द्राक्षे नव्हती, पण माड होते. माडाची सूर आंबवून केलेल्या शिर्क्याने मद्याची जागा घेतली. एक किलो मांसासाठी आठदहा सुक्या लाल मिरच्या, लसणाचा एक मोठा गड्डा, आल्याचा तुकडा, चमचाभर जिरे, दहाबारा मिरी, चारपाच लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि थोडी हळद हे सर्व अर्धी वाटी शिर्क्यात वाटायचे, मीठ घालून मांसाला चोळायचे आणि रात्रभर ठेवायचे, ही साधारण पद्धत. दुसऱ्या दिवशी कांद्यावर परतून मंद आचेवर शिजवल्यावरही ते लगेच खाण्यास घेत नाहीत. एकदोन दिवसांनी त्याला खरी चव येते, असे गृहिणी सांगतात. याचे कारण सोपे आहे. आम्ल आणि मीठ यांमुळे मांस नासवणाऱ्या जंतूंची वाढ रोखली जाते, वर आलेली चरबी हवेचा संपर्क कमी करते आणि तेवढ्या अवधीत मसाल्याचा वास आतपर्यंत पोहोचतो. शीतकपाटे नसलेल्या उष्ण प्रदेशात मुरवण्याची ही विद्या जहाजावर आणि घरात सारखीच उपयोगी पडली.

सोरपोतेल हा त्याच कुळातील पदार्थ. पोर्तुगालच्या आलेंतेझो प्रांतातील ह्या पाककृतीत मांस, काळीज आणि रक्तही वापरतात. गोव्यात मांस आधी उकडून, अगदी बारीक चिरून, परतून मग शिर्क्याच्या मसाल्यात शिजवतात आणि सूर घालून फुगवलेल्या तांदळाच्या सान्नांबरोबर खातात. रोजच्या जेवणात मात्र अशा मेजवानीच्या पदार्थांपेक्षा 'रेशाद' अधिक दिसतो. ह्या शब्दाचा अर्थ 'भरलेला' एवढाच आहे. लाल मिरची आणि शिर्का यांचा घट्ट मसाला बांगड्याच्या पोटात भरून तो तव्यावर भाजला, की साध्या भाताचे जेवण पूर्ण होते.

ह्या पंगतीत दुरून आलेले पाहुणेही आहेत. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले आणि लसूण यांच्या हिरव्या वाटणातील कोंबडी 'काफ्रेआल' म्हणून ओळखली जाते. हे नाव पूर्व आफ्रिकेतील लोकांना पोर्तुगीज ज्या शब्दाने ओळखत, त्यावरून पडले. कोळंबीच्या 'बालशांव' ह्या आंबट-तिखट लोणच्याचे नाते मलाया आणि मकाव येथील आंबवलेल्या कोळंबीशी जोडले जाते. पोर्तुगीज वारसा म्हणून जे मिळाले, ते अशा रीतीने तीन खंडांचे मिश्रण होते आणि त्याला एकजीव केले ते स्थानिक बायकांच्या पाट्यावरवंट्याने.

हिंदू घरांनी ह्यातील मिरची आणि काजू घेतले, पण आंबटपणासाठी कोकमाची सोले, चिंच आणि त्रिफळांसह शिजवलेले हुमण यांनाच जवळ केले. एकाच बाजारातून आणलेल्या एकाच मासळीचा एका घरी शिर्का पडे, शेजारच्या घरी सोले पडत. त्या आंबटपणातच दोन घरांची ओळख सामावलेली होती.

पोदेराचा पाव

पाव हा शब्द पोर्तुगीज 'पांव' वरून आला आणि पाव भाजणाऱ्याला गोव्यात पोदेर म्हणतात. साष्टी तालुक्यात, विशेषतः माजोर्डे गावी, जेझुइटांनी ही कला प्रथम शिकवली, अशी परंपरा आहे. बेकरीचे यीस्ट मिळत नसे, त्या काळी सुरेवर काम भागवले जाई. माडावरून उतरवलेल्या गोड रसात हवेतील यीस्ट आपोआप वाढते आणि काही तासांतच तो आंबू लागतो. ह्या सुरेने मळलेली कणीक रात्रभर सावकाश फुगते. त्यामुळे पावाला किंचित आंबूस चव येते. पहाटे घुमटाकार मातीच्या भट्टीत लाकडाच्या धगीवर तो भाजला जातो.

पावाचे प्रकारही अनेक आहेत. कोंड्याची चपटी पोई, कडक पाठीचा उंडो, बांगडीसारखे कडक कांकण आणि फुलपाखरासारखा दिसणारा काट्रो. सकाळ-संध्याकाळ सायकलीचा भोंगा वाजवीत येणारा पोदेर अजूनही गोव्याच्या खेड्यांतून दिसतो. मुंबईत कामासाठी गेलेल्या गोमंतकीयांनी ही विद्या तेथे नेली, इराण्यांच्या बेकऱ्यांनी ती वाढवली आणि गिरणीकामगारांच्या घाईच्या जीवनात पाव घरोघरी पोहोचला. उसळ-पाव, मिसळ-पाव आणि शेवटी वडा-पाव ह्या क्रमाने मराठी माणसाने त्याला आपलेसे केले. वडा-पावातील पाव, बटाटा आणि मिरची ह्या तिन्ही वस्तू समुद्रापलीकडून आल्या आहेत. एके काळी ज्याच्या नुसत्या स्पर्शाने गाव बाटत असे, तो पाव आज मराठीपणाची खूण मानला जातो. अन्नाविषयीचे निषेध किती तीव्र असतात आणि किती अल्पजीवी ठरू शकतात, याचे दुसरे इतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

पेज आणि कांजा

मेजवानीचे पदार्थ प्रसिद्धी पावतात. पण कुटुंब जगते ते रोजच्या अन्नावर. गोव्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघांच्याही घरी शेतावरच्या आणि आजारपणातल्या माणसाचा आधार एकच होता, तो म्हणजे उकड्या तांदळाची पेज. सकाळी उशिरा, साधारण अकराच्या सुमारास, वाडगाभर गरम पेज, तोंडी लावायला लोणच्याची फोड किंवा भाजलेली सुकी मासळी, एवढ्यावर दुपारपर्यंतचे काम चाले. तिच्याबरोबर 'कालची कडी' असली तर आनंदच. आदल्या दिवशीचे माशाचे कालवण मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटवले, की त्याचा दाट, तिखट रस उरतो. उरलेल्या अन्नातून निघालेला हा पदार्थ अनेकांना ताज्या कालवणापेक्षा प्रिय असतो.

देवघेव दोन्ही दिशांनी झाली, याचा उत्तम पुरावा ह्या पेजेतच आहे. दक्षिण भारतात तिला कंजी म्हणतात. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात, पटकीच्या रोग्याला मिरी आणि जिरे घातलेले भाताचे पाणी देतात, असे नोंदवून त्याचे 'कांजे' हे नाव दिले आहे. पुढे हा शब्द आणि हे अन्न जहाजांतून परत गेले. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये आज 'कांजा' म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेल्या तांदळाचे पातळ सूप. आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि थकून घरी आलेल्याला ते दिले जाते. कोंबडी कांदा आणि मीठ घालून भरपूर पाण्यात उकळायची, मांस काढून त्याच्या चिंध्या करायच्या, त्या पाण्यात मूठभर तांदूळ मऊ होईपर्यंत शिजवायचे, मांस परत घालायचे आणि वरून लिंबू पिळून पुदिन्याचे पान टाकायचे, इतकी ती कृती सोपी आहे. लिस्बनमधील गृहिणी ज्याला आपल्या आजीचे खास पोर्तुगीज अन्न समजते, त्याचे नाव तमिळ आणि मलयाळी घरांतून निघालेले आहे.

पावसाळ्याची तरतूद हीदेखील अशीच सामायिक बाब. मराठीत जिला बेगमी म्हणतात, तिला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात आणि हा शब्द तरतूद ह्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश आहे. मे महिन्यात मडगाव, म्हापसा येथे पुरुमेंताच्या फेरीत सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा, सोले आणि शिर्का यांची खरेदी होते. शिर्का आणि मिरचीत मुरवून उन्हात वाळवलेली डुकराच्या मांसाची 'चोरिसे' ही ख्रिस्ती घराची खास बेगमी होय.

वसई आणि कोर्लई

१७३९ साली चिमाजी आप्पाने वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. चुलीवरील तिच्या खुणा मात्र राहिल्या. वसई, साष्टी आणि मुंबई येथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. त्यांच्या स्वयंपाकाचा कणा म्हणजे बाटलीचा मसाला. मिरच्या, धणे, तीळ, खसखस आणि इतर वीसपंचवीस जिन्नस भर उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कुटून ते गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. उजेड आणि हवा लागली नाही तर मसाला वर्षभर टिकतो. लग्नात तळले जाणारे फुगे आणि त्यांबरोबरचे शिर्क्यातले मांस ह्यांतून पोर्तुगीज वळण जाणवते. मसाल्याची जात मात्र अस्सल कोकणी असते.

रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे तर भाषाही टिकून राहिली. चौलच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या ह्या गावातील सुमारे हजारभर ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून बनलेली बोली बोलतात आणि तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. पोर्तुगीज सत्ता १७४० साली तेथून गेली. त्यानंतर ही बोली शाळेत किंवा कचेरीत वापरली गेली नाही. ती घरात, मुख्यतः चुलीपाशी, जगली.

नाताळचे ताट

गोड पदार्थांत बेबिंकाचे स्थान पहिले. अंड्यांचा बलक, नारळाचे दूध, साखर आणि मैदा यांचे पातळ मिश्रण तुपावर थराथराने भाजले जाते. एक थर वरून निखाऱ्यांची धग देऊन लालसर झाल्याशिवाय दुसरा घालायचा नाही, असे किमान सात थर करावे लागतात, म्हणून अर्धा दिवस सहज जातो. पोर्तुगालच्या मठांत अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांच्या खळीसाठी वापरला जाई आणि उरलेल्या बलकांतून तेथील मिठाया जन्मल्या, असे सांगतात. गोव्यात त्या कल्पनेला नारळाची जोड मिळाली. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले.

नाताळात शेजाऱ्यांकडे पाठवल्या जाणाऱ्या 'कोन्सुआद' नावाच्या ताटात बेबिंका आणि दोदोल यांच्या शेजारी नेवऱ्याही असतात. ही नेवरी म्हणजे हिंदू घरातील गणेशचतुर्थीची करंजीच होय. ज्या फर्मानांनी भातातील मिठावरही पहारा ठेवला, त्यांना ही करंजी हद्दपार करता आली नाही. चतुर्थीला हिंदू घरातून ती ख्रिस्ती घरी जाते आणि नाताळात ताट उलट दिशेने येते.

वारसा टिकतो कशावर?

ह्या पाककृती बव्हंशी तोंडी चालत आल्या. जुन्या घरांतून आजीच्या वहीत त्या पोर्तुगीज किंवा रोमन लिपीतील कोंकणीत लिहिलेल्या आढळतात. पण त्यांतील मापे 'पुरेसा शिर्का', 'हाताला लागेल तेवढे पीठ' अशी असतात. १९६१ नंतर शिक्षणाची भाषा बदलली आणि नातवंडांना ती वही वाचता येईनाशी झाली. अलीकडे इतिहास-अभ्यासक आणि गृहिणी यांनी पुस्तके लिहून बरीचशी भर घातली आहे.

तथापि केवळ कृती लिहून ठेवल्याने चव राखता येत नाही. ह्या स्वयंपाकाच्या मुळाशी माडावर चढणारा माणूस आहे. गोव्यात त्याला रेंदेर म्हणतात. त्याने काढलेल्या सुरेवर पाव फुगत असे, सान्ना हलक्या होत आणि शिर्का तयार होई. हे काम जोखमीचे, कष्टाचे आणि अल्प उत्पन्नाचे असल्यामुळे त्यांची मुले त्या धंद्यात राहण्यास तयार नाहीत. सूर मिळेनाशी झाली, तेव्हा पोदेराने यीस्ट घेतले आणि गृहिणीने कारखान्यात पाणी मिसळून केलेले पांढरे ॲसिटिक ॲसिड बाटलीतून आणले. त्याने आंबटपणा येतो, पण माडाच्या शिर्क्याचा मऊपणा आणि वास येत नाही. पाककृतीत ओळ तीच राहते, पदार्थ मात्र बदलतो.

म्हणून कुटुंबाच्या पाककृती जपायच्या तर वहीइतकेच लक्ष माडाच्या बागेकडे, पोदेराच्या भट्टीकडे आणि मे महिन्यातील पुरुमेंताच्या बाजाराकडे द्यावे लागेल. साडेचारशे वर्षांत राज्ये आली आणि गेली, फर्माने निघाली आणि विस्मृतीत गेली. पेज, पाव आणि नेवरी टिकली, कारण ती पिकवणारे, भाजणारे आणि वाटून खाणारे हात शेजारी होते. ते हात नाहीसे झाले, तर जे उरेल ते बहुधा पदार्थाचे नाव असेल.